म्हैस काळीच दिसली पाहिजे

कॅमेऱ्याच्या दुकानाशी आलो की सर लगेच आत शिरत नसत. रस्त्यावर उभे राहून आधी म्हैस शोधत. जवळपास कुठं म्हैस बांधलेली दिसली की त्यांचा चेहरा निवळायचा, मग ते पायरीवर चपला काढून दुकानात जायचे. चपला काढा असं कुठल्या दुकानदारानं कधी सांगितलं नव्हतं. पण काचेच्या कपाटात वस्तू मांडलेल्या असल्या की तिथं चप्पल घालून जायचं नाही, असा त्यांचा स्वतःचा नियम होता. म्हैस नसली तर मला म्हणायचे, "परफेसर, हितं काम न्हाई व्हायचं." की आम्ही आल्या पावली परत स्टँडवर.

मी प्रोफेसर नाही. अंबाजोगाईत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. दर वर्षी जून आला की आपल्याला पुन्हा बोलावतील का, याची वाट बघतो. पण आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि सरांच्या लेखी पदवी घेऊन कॉलेजात शिकवणारा माणूस परफेसरच. मी दोन-तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वाक्यात पुन्हा परफेसर म्हणाले.

सर केजला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माझे आई-वडील दसरा झाला की ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यातच परत येत. पहिली काही वर्षं मीही त्यांच्याबरोबर फडावर जायचो आणि शाळा बुडायची. एका वर्षी ट्रक निघायच्या आदल्या दिवशी सर सायकल मारत आमच्या वस्तीवर आले. वडिलांना म्हणाले, ह्याला ठेवा माझ्याकडं, बाहेरची खोली मोकळीच असते. पुढं दहावी होईपर्यंत प्रत्येक हंगामात मी त्या बाहेरच्या खोलीत राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो, आणि सरांची मुलगी, जिला मी ताई म्हणतो, तिच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला. सरांनी याचा पुढं कधी शब्दानंही उल्लेख केला नाही. त्यामुळं निवृत्त झाल्यावर त्यांनी जेव्हा विचारलं, "रविवारी मोकळा हायेस का? एक कॅमेरा घ्यायचा हाय," तेव्हा मी हो म्हणालो. मला वाटलं, एका रविवारचं काम आहे.

त्या एका रविवारची पुढं कित्येक वर्षं झाली. आता आठवलं तरी पाय दुखायला लागतात. आठवडाभर तास घेऊन घसा बसलेला असायचा, रविवारी जरा उशिरा उठावं असं वाटायचं, आणि सकाळीच सर केजहून पहिल्या गाडीनं येऊन माझ्या खोलीच्या दाराशी उभे. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या आणि काळ्या मातीचं एक ढेकूळ. म्हैस ऐनवेळी निघून गेली तर परीक्षेला काहीतरी असावं म्हणून हे ढेकूळ.

परीक्षा हाच त्यांचा शब्द होता. दुकानदारानं कपाटातून कॅमेरा काढला की सर तो आधी हातात घेऊन तोलायचे. मग डोळ्याला लावून दुकानभर बघायचे. मग दुकानदाराला अतिशय अदबीनं बाहेर बोलवायचे. गिऱ्हाईक जाईल या भीतीनं तो यायचा. म्हशीपाशी उभं राहून सर चौकट म्हशीनं पुरती भरून घेत, बटण दाबत, आणि मागच्या पडद्यावर उमटलेल्या म्हशीकडं आणि समोरच्या म्हशीकडं आळीपाळीनं बघत राहत. म्हैस रवंथ करत असायची. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबायची. शेवटी सर मान हलवायचे.

"करडी दिसतीया."

दुकानदार म्हणायचा, कुठं करडी, किती स्पष्ट आलीय बघा, अंगावरचा केस न् केस मोजून घ्या. सर म्हणायचे, केस मोजायला मी आलो न्हाई. म्हैस काळी हाय, तर फोटोतबी काळीच दिसली पायजे. मग कॅमेरा सांभाळून परत देत, आणि वर्गात निकाल सांगावा तशा आवाजात सांगत, "कॅमेरा हुशार हाय. पर नजर कच्ची हाय त्येची."

एखादा जाणकार दुकानदार कॅमेऱ्याच्या वरची चकती फिरवून काही दाखवायला जायचा, तर सर त्याचं मनगट धरायचे. चकती जिथं हिरव्या खुणेवर होती, म्हणजे कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवतो त्या जागी, तिथंच ती राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ते म्हणायचे, तुमी त्याला सांगू नका. पोरगं पेपर लिहायलंय, मास्तरनं मधी बोलायचं नसतं. आपण न सांगता त्याला काय दिसतं, तेच बघायचंय. शाळेतही ते असेच होते. चित्रकलेच्या परीक्षेत पाठीमागं हात बांधून फिरायचे, आणि एखाद्याच्या चित्रातलं घर रस्त्यावर आडवं पडलेलं असलं तरी बोलायचे नाहीत.

अंबाजोगाईतल्या दुकानांत त्यांना 'म्हशीवाले सर' म्हणायला लागले. त्यांच्याबरोबर फिरतो म्हणून माझ्या कॉलेजातही ही गोष्ट पोचली. एकदा स्टाफरूममध्ये एकानं मला विचारलं की म्हैस घेतली का. मी घेतली नाही म्हणालो आणि हजेरीपट उचलून तासाला गेलो.

परळीलाही आम्ही गेलो होतो. तिथल्या एका दुकानात म्हणे मोठा साठा होता. काळी-पिवळी जीपमध्ये मागं अंग चोरून बसून गेलो. दुकानही सापडलं आणि समोर म्हैसही. सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तळहात राखेनं भरला. औष्णिक वीज केंद्राची राख तिथं सगळ्यावरच बसते, तर म्हैस तरी कशी सुटेल? सर तळहाताकडं बघून म्हणाले, हिला धुवायला पायजे. म्हशीचा मालक शेजारीच बिडी ओढत बसला होता. त्यानं खुशाल धुवा म्हणून सांगितलं. मी, मराठीचा एम. ए., भर बाजारात एका अनोळखी म्हशीवर बादलीनं पाणी ओतलं. ओली म्हैस उन्हात चकाकली आणि फोटो आणखीच पांढरा आला. परतीच्या जीपमध्ये सर म्हणाले की आजची परीक्षा ग्राह्य धरता येणार नाही.

मोबाईलवर त्यांचा विश्वास नव्हता. मी एकदा माझ्या मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. तो बघून त्यांनी मोबाईल पालथा करून ठेवला आणि म्हणाले, "हे न विचारता पावडर लावतंय." खरंच, फोटोतले सर माझ्या ओळखीच्या सरांपेक्षा गोरे आणि गुळगुळीत होते, कपाळावरच्या आठ्यासुद्धा गेल्या होत्या. पुढं पुढं दुकानदार सांगायला लागले की सर, आता आरशाच्या कॅमेऱ्याचे दिवस सरत आले, नव्यात आतला आरसाच काढून टाकलाय, तो घ्या. सरांनी तोही डोळ्याला लावून बघितला. त्यात डोळ्यासमोर येतो तो छोटा पडदा असतो. म्हणाले, ह्यात मला म्हैस न्हाई, म्हशीचा टीव्ही दिसतोय. मला भिंगातून सरळ दिसलं पायजे. आणि यादीतून तो प्रकारच बाद केला.

इथं मला शाळेतली एक गोष्ट सांगायला हवी. पाचवीत असताना सरांनी आम्हाला आईचं चित्र काढायला सांगितलं होतं. आम्ही सगळी उन्हातान्हातली पोरं, आमच्या आया कोळपून काळ्या झालेल्या. पण खडूच्या डबीत एक फिकट गुलाबी कांडी असायची, तिला आम्ही अंगाचा रंग म्हणायचो. माणसाचं अंग त्याच कांडीनं रंगवायचं असतं, असं आम्हाला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. वर्गभर गुलाबी आया तयार झाल्या. सर एकेक वही बघत गेले. कुणाला रागावले नाहीत. फक्त प्रत्येकाच्या डबीतून ती गुलाबी कांडी काढून घेतली आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी निळा आणि तपकिरी एकमेकांवर घासून काळा कसा होतो, त्यात थोडा लाल कसा मिसळायचा, ते शिकवलं. मग म्हणाले, आता आईचा हात काढा. मी माझ्या आईचा हात काढला. तळव्यावर कोयत्याच्या मुठीनं पडलेला घट्टासुद्धा काढला. माझ्या आयुष्यात मी काढलेलं तेवढं एकच चित्र बरं होतं.

त्यानंतर दर वर्षी पाचवीच्या पोरांच्या डब्यांतून ती कांडी जात राहिली. काही पालकांनी हेडमास्तरांकडं तक्रार केली की चित्रकलेचे सर पोरांचे खडू चोरतात. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा सरांनी एक बरणी नेऊन टेबलावर ठेवली. गुलाबी कांड्यांनी काठोकाठ भरलेली. म्हणाले, ज्याला पायजे त्यानं मोजून न्यावी.

असा हा माणूस. म्हणून कॅमेऱ्याच्या शोधात फिरत असतानाच काकूंनी मला जे सांगितलं ते खरं वाटायला मला वेळ लागला.

ते घडलं तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकत होतो, केजला जाणं कमी झालं होतं. ताईचं लग्न बघत होते. ताई सरांवर गेलेली, सावळी नाही, काळी. तरतरीत, उंच, बोलण्यात तयार. स्थळांना पाठवायला फोटो काढायचा म्हणून सर तिला स्टँडजवळच्या एका स्टुडिओत घेऊन गेले. फोटो काढून झाला. स्टुडिओवाल्यानं तो कॉम्प्युटरवर घेतला, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणं न विचारताच उजळ करायला लागला. त्याच्याकडं येणारा प्रत्येक बाप हेच सांगायचा, त्यामुळं आता विचारायची गरजच उरली नव्हती. ताई बाहेरच्या बाकावर बसली होती. आत सर त्याच्या शेजारी स्टुलावर. सरांनी त्याला थांबवलं नाही. उलट म्हणाले, अजून थोडं. त्यानं अजून थोडं केलं. सर पुन्हा म्हणाले, अजून थोडं. मधला पडदा अर्धा सरकलेला होता आणि ताईला हे ऐकू येत होतं.

काकू लसूण सोलत हे सांगत होत्या. म्हणाल्या, सगळ्या गावाच्या पोरांच्या डब्या तपासल्या ह्यांनी, आणि घरच्या पोरीच्या वेळेला तीच कांडी हातात घेतली.

फोटो गेला, पसंत पडला, धारूरकडची मंडळी बघायला आली. मुलाची आत्या फोटो हातात घेऊनच बसली होती. ताईनं सगळ्यांना पोह्यांच्या बशा दिल्या. आत्यानं बशी घेतली, पोहे छान झालेत म्हणाली, आणि अगदी प्रेमानं काकूंना म्हणाली, "आता पोरीला बोलवा की."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं की ही थोरली बहीण असेल, नाहीतर शेजारची. ताई रिकामा ट्रे हातात धरून उभी होती. सर खाली फरशीकडं बघत होते. ताईनं ट्रे टेबलावर ठेवला, समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मीच हाय."

मंडळी पोहे संपवून गेली. ताईनं फोटोच्या उरलेल्या प्रती सरांच्या रंगाच्या पेटीत नेऊन ठेवल्या, पेटीचं झाकण लावलं, आणि पुढच्या आठवड्यात एक्स-रेच्या कोर्सला नाव घातलं. आता अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात ती एक्स-रे काढते. लग्न तिनं केलं नाही. म्हणते, तसं मनातच आलं नाही पुन्हा, आणि ते मला खरं वाटतं. सरांशी तिचं भांडण नव्हतं. पगारातून त्यांना चष्मा करून दिला, गुडघ्याच्या गोळ्या ती आणायची, फोनवर रोज बोलायची. फक्त फोटोला उभी राहायची नाही. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की ती पंगतीच्या मागं वाढायला जायची.

सरांच्या निरोप समारंभाला शाळेनं फोटोवाला आणला होता. सगळ्या कुटुंबाचा एक फोटो घेतो म्हणाला, तर ऐनवेळी ताई चौकटीतून बाजूला झाली. घरी आल्यावर काकूंनी डोळ्याला पदर लावला. माझ्या घरात देवांचे फोटो हायेत, साहेब लोकांचे हायेत, पोटच्या पोरीचा एक न्हाई, असं काहीतरी बोलल्या. सरांनी ताईला पहिल्यांदाच विचारलं की तू कधीच बसणार न्हाईस का. ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मी हाय तशी दाखवणारा कॅमेरा आणा. मग बसते."

विषय संपवायला म्हणून ती बोलली होती. सरांनी ते लिहून घेतल्यासारखं मनात धरलं, आणि पुढच्या रविवारी माझ्या दाराशी आले. दुकानादुकानात ताईला नेऊन उभं करता येत नव्हतं. म्हणून म्हैस.

हे सगळं कळल्यावर माझी चिडचिड कमी झाली, दमणूक मात्र तेवढीच राहिली. सर म्हातारे होत चालले होते. जीपमध्ये चढताना मला त्यांच्या कोपराला आधार द्यावा लागे. कॅमेरा डोळ्याला लावला की हात कापायचा. दुकानदार आता उठायचे नाहीत, बसूनच सांगायचे की सर, तुम्हाला पाहिजे तसला नाही आमच्याकडं. मी एकदा म्हणालो, सर, एवढी दुकानं झाली, सगळेच कॅमेरे म्हैस करडी दाखवतात, म्हणजे कॅमेऱ्याचा तो गुणच असेल. सर म्हणाले, गप बे. एक तरी आसंल. त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

शेवटी अंबाजोगाईतल्या ज्या दुकानात आम्ही सगळ्यात जास्त वेळा गेलो होतो, तो दुकानदार एक दिवस म्हणाला की आरशाचा हा शेवटचा नग राहिलाय, पुढं मी मागवणार नाही. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, परत पाठवतो. समोर म्हैस उभी होती. सर बाहेर गेले नाहीत. काउंटरवर हात टेकून म्हणाले, बांधा. एवढ्या वर्षांत घेतलेला तो एकच कॅमेरा, तोही परीक्षा न घेता. मी त्यांना केजला सोडायला गेलो, बसमध्ये खोका मांडीवर धरून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. कुठंतरी शेतात म्हशी दिसल्या, त्यांनी तोंड फिरवलं.

घरी त्यांनी तवा, छत्री, शेजारणीची शेळी, चुलीमागची भिंत, सगळ्यांचे फोटो काढून बघितले. सगळं करडं. मग कॅमेरा पुन्हा खोक्यात घालून खोका कपाटावर ठेवून दिला. काकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, ह्यांचं जेवण कमी झालंय, सारखं म्हणतात एवढी वर्षं घालवून नापासच आणला. तू येत्या रविवारी ये, ताईलाबी घेऊन ये.

आम्ही दोघं दुपारी पोचलो. सर अंगणात लिंबाच्या सावलीला खुर्चीवर बसले होते. ताईनं कपाटावरचा खोका खाली घेतला. कॅमेरा काढला, शेळीचा फोटो बघितला, छत्रीचा बघितला, आणि विचारलं की हिरव्या खुणेवरच का ठेवलाय. सरांनी तिला परीक्षेचा नियम सांगितला. ताई ऐकत होती. तिला हसू यायला लागलं, पण तिनं ते दाबलं.

"अप्पा, त्याला काय कळतंय? आमचं मशीनबी तसंच. लेकराचा हात हाय का पैलवानाची छाती, त्याला काय ठाव? आपण सांगावं लागतं."

"मग हे म्हशीला कावून करडी करतंय?"

"काळं समोर आलं की ह्याला वाटतं अंधार पडला. घाबरतंय. म्हणून उजेड वाढवतंय."

तिनं चकती हिरव्यावरून हलवली. प्लस आणि मायनस लिहिलेलं एक बारीक बटण होतं, ते दाबून धरलं आणि अंगठ्यानं चाक मायनसकडं फिरवलं. आम्ही ज्या ज्या कॅमेऱ्याला नाकारलं होतं, त्या प्रत्येकावर ते बटण होतं. मी ते कितीदा तरी बघितलेलं होतं. मला त्या क्षणी हसावं की खाली बसावं तेच कळेना. मी खाली पायरीवर बसलो.

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि मग, ताईकडं नाही, कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "मीबी तसाच घाबरलतो."

ताईचा अंगठा चाकावर थांबला. आत काकू भांडी घासत होत्या, तो आवाजही थांबला. मग ताई म्हणाली, सरळ बसा अप्पा, आणि कॅमेरा डोळ्याला लावून तिनं त्यांचाच फोटो काढला. पडदा त्यांच्यापुढं धरला.

"लई काळा हाय मी."

"तुमी हायेत तेवढेच हायेत."

मग तिनं विचारलं की एवढी वर्षं म्हैसच का धरली होती, मला म्हशीशी तोललं व्हय? सर ओशाळले. म्हणाले, म्हशीला कुणी उजळ कर म्हणत न्हाई, म्हणून. तेव्हा मात्र ताई मोठ्यानं हसली आणि त्याच हसण्यात खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. केससुद्धा सारखे केले नाहीत. कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

सरांनी तो डोळ्याला लावला. हात कापत होता. मी पुढं होऊन कोपर धरू का म्हणालो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. दुकानादुकानातून क्षणात बटण दाबणारा तो माणूस तिथं नुसता बघत राहिला. लिंबाच्या सावलीत, भिंगातून सरळ, मधे पडदा नाही. ताई वाट बघत होती. मग तिनंच सांगितलं, दाबा आता.

फोटो हालला. हात स्थिर राहिला नाही, त्यामुळं ताईच्या चेहऱ्याला दोन कडा आल्या आहेत. पण रंग तिचाच आहे. दुसरा काढायचा का विचारलं तर दोघंही नको म्हणाले. काकूंनी तो मोठा करून पुढच्या खोलीत लावला आणि आल्या-गेल्याला सांगायला लागल्या की हाललाय, पर पोरगी आमचीच हाय. सरांनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. माझे रविवार मोकळे झाले. पहिले काही रविवार मी पहिल्या गाडीच्या वेळेला जागा होऊन नुसता पडून राहायचो.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा लावण्यासारखा एकच होता, ताईनं अंगणात काढलेला. तोच ताईच्या फोटोशेजारी लागला. दहाव्याला जमलेल्यांत त्यांचे एक लांबचे मेहुणे होते. चहा घेताना ते फोटोकडं बघून हळहळले. म्हणाले, चांगला आलाय तसा, पण जरा काळा आलाय. स्टुडिओवाल्याला सांगितलं असतं तर थोडा उजळ करून दिला असता.

ताई काही बोलणार होती. त्याआधी काकूच म्हणाल्या.

"काळेच होते ते."

आणि रिकामे कप गोळा करायला लागल्या.